दवाखान्यातली गुणवत्ता मोजायची कशी? बाबांच्या वहीपासून सुरुवात

पेट झाली, गाईड मिळाले, आता विषय काय घेऊ, असे मेसेज दरवर्षी येतात. या वेळी आरोग्य क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या तीन-चार जणांनी जवळपास एकच शीर्षक कळवलं: 'फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतील सेवेची गुणवत्ता आणि तिच्यातील सुधारणा'. विषय चांगला आहे, मीही त्याच्या आसपासच काम करते. पण यातला 'गुणवत्ता' हा शब्द दिसतो तेवढा गरीब नाही. सिनॉप्सिसच्या वेळी तो अंगावर येतो. माझ्या आला होता, ते पुढे सांगतेच. आज तो शब्द उलगडून बघू, आणि सुरुवात आमच्या घरातल्या एका वहीपासून करते.

बाबा एसटीत कंडक्टर होते, पाथर्डी डेपोला. हिशोब रुपयाला रुपया जुळवायची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. दर महिन्याला आमच्या डॉक्टरांकडे जायचं, बीपी बघून घ्यायचं आणि घरी येऊन वहीत तारीख, बीपी, गोळीचं नाव आणि दिलेले पैसे लिहायचे. दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. नगरला नेलं, आठ-दहा दिवसांत घरी आले. आज चालतात, बोलतात, पेपर वाचतात. उजव्या हातात चहाचा कप मात्र अजून नीट धरता येत नाही.

त्या दिवसांत मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून ती वही चाळली. १९ महिन्यांच्या १९ नोंदी. १३०/८०, १४०/८०, १३०/८०, १४०/९०, पुन्हा १३०/८०. वरचे १९ आणि खालचे १९ असे ३८ आकडे आणि सगळेच्या सगळे शून्यावर संपणारे.

माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रातली, त्यामुळे डोळा तिथंच अडकला. बीपीच्या पाऱ्याच्या यंत्रावर रेघा दोन-दोनच्या अंतरानं असतात. म्हणजे वाचलेला आकडा जसाच्या तसा लिहिला, तर शेवटी ०, २, ४, ६, ८ यांपैकी काहीही येऊ शकतं. पुष्कळ नोंदी एकत्र केल्या तर प्रत्येक अंकाचा वाटा साधारण २० टक्के यायला हवा. डिजिटल यंत्र असेल तर दहाही अंक येतात, प्रत्येकाचा वाटा साधारण १० टक्के. ३८ पैकी ३८ शून्यं योगायोगानं येत नाहीत.

याला 'एंड डिजिट प्रेफरन्स' म्हणतात. आपण त्याला शेवटच्या अंकाची ओढ म्हणू. जगभर जिथं जिथं माणूस डोळ्यांनी बघून बीपी लिहितो, तिथं तिथं ती सापडते, मोठ्या हॉस्पिटलांतही.

आता पहिला प्रश्न. यात बिघडलं काय? १३४ ला १३० लिहिलं तर कोणाचं काय जातं? एका नोंदीपुरतं बघितलं तर फारसं नाही. पण गोळी सुरू करायची की वाढवायची, हा निर्णय १४०/९० या रेषेवर होतो. बहुतेक पेशंट त्या रेषेच्या आसपासच असतात. १४६ चं १४० झालं की 'ठीक आहे, तीच गोळी चालू ठेवा' होतं. उलटंही होतं: १३६ चं १४० झालं की कारण नसताना गोळी चिकटते. आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शून्य हा स्वतः आजार नाही, लक्षण आहे. बीपी नीट मोजायचं तर पेशंटला पाच मिनिटं शांत बसवावं लागतं, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, मोजताना बोलणं बंद, पट्टा दंडाच्या मापाचा आणि दोनदा मोजणी. हे सगळं जिथं होतं तिथं शून्यांची अशी रांग सहसा लागत नाही. जिथं पेशंट आत येता येता बाही वर करतो, तिथं लागते.

म्हणजे कुठलंही यंत्र न घेता, कोणाला प्रश्न न विचारता, नुसत्या जुन्या नोंदींतून एका दवाखान्यातल्या कामाविषयी काहीतरी कळलं. 'काहीतरी' हा शब्द मुद्दाम वापरला. किती कळलं आणि किती नाही, यातच पुढचा सगळा लेख आहे.

गुणवत्तेवर वाचायला लागलात की पहिलं नाव भेटतं आवेदिस डोनाबेदियन यांचं. १९६६ साली त्यांनी मांडलं की वैद्यकीय सेवेची गुणवत्ता तीन ठिकाणी बघता येते: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. रचना म्हणजे दवाखान्यात काय आहे: डिग्री, यंत्र, फ्रीज, औषधं, बसायला जागा. प्रक्रिया म्हणजे पेशंट आल्यावर काय केलं: काय विचारलं, काय तपासलं, काय लिहून दिलं. परिणाम म्हणजे पेशंटचं पुढे काय झालं.

आपल्याकडच्या बऱ्याच सिनॉप्सिस पहिल्यावर थांबतात, कारण ते मोजणं सोपं. चेकलिस्ट घ्यायची, दवाखान्यात जायचं, बीपीचं यंत्र आहे का, होय, टिक. बाबांच्या डॉक्टरांकडे यंत्र होतं. चांगलं होतं. भिंतीवर डिग्री होती. रचनेत त्यांना पैकीच्या पैकी मिळाले असते.

मग वाटतं, थेट परिणामच मोजू. शेवटी महत्त्वाचं तेच ना? मलाही तसंच वाटलं होतं. पण छोट्या दवाखान्यात परिणाम मोजणं फसवं असतं. एका डॉक्टरकडे बीपीचे दोनशे पेशंट असतील, तर त्यातल्या किती जणांना वर्षात अर्धांगाचा झटका येणार? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. यंदा दोन आणि पुढच्या वर्षी चार झाले तर डॉक्टर बिघडले का? काहीच सांगता येत नाही, एवढा फरक नशिबानंही पडतो. शिवाय ज्या डॉक्टरचा हात चांगला असं गावात बोललं जातं त्यांच्याकडे जास्त आजारी माणसं जातात, आणि मग त्यांचेच आकडे वाईट दिसतात.

बाबांचंही तेच. वही वाचून माझ्या मनात सरळ वाक्य तयार झालं होतं: बीपी नीट मोजलं असतं तर झटका आला नसता. हे वाक्य मी लिहू शकत नाही. मुलगी म्हणून म्हणू शकते, संशोधक म्हणून नाही. बीपी नीट मोजलं, गोळी वाढवली, तरीही झटका येणारी माणसं असतात. एका पेशंटच्या परिणामावरून प्रक्रियेचा दोष सिद्ध होत नाही. हे पटायला मला बरेच महिने लागले.

म्हणून फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात खरी पकड प्रक्रियेवर मिळते. ती मोजायची कशी, यात मात्र गंमत आहे.

केसपेपर तपासा, असं कोणीही सांगेल. पण आपल्याकडे तालुक्याच्या गावी किती दवाखान्यांत केसपेपर राहतो? चिठ्ठी पेशंटच्या खिशात जाते आणि शर्टाबरोबर धुतली जाते. मग डॉक्टरांच्या शेजारी बसून निरीक्षण करावं म्हटलं, तर बघणारा बसला की माणूस बदलतो. टांझानियातल्या अरुशा भागात केनेथ लेनर्ड आणि सहकाऱ्यांनी हे नीट दाखवलं. निरीक्षक येताच डॉक्टरांचं काम सुधारलं, आणि थोड्या वेळानं, निरीक्षकाची सवय झाल्यावर, मूळ पातळीवर आलं. याला हॉथॉर्न परिणाम म्हणतात. व्हायवात हमखास विचारतात.

तिसरा मार्ग म्हणजे डॉक्टरांना कागदावर केस द्यायची आणि 'असा पेशंट आला तर काय कराल?' विचारायचं. यातून ज्ञान कळतं, काम नाही. जिष्णू दास आणि जेफ्री हॅमर यांनी दिल्लीत दोन्ही मोजलं, कागदावरची उत्तरंही आणि प्रत्यक्ष दवाखान्यातलं कामही. डॉक्टर जेवढं जाणतात त्यापेक्षा बरंच कमी करतात, असं निघालं. जाणणं आणि करणं यांच्यातल्या या दरीमुळे एक मोठा समज ढासळतो. गुणवत्ता वाढवायची म्हणजे ट्रेनिंग द्यायचं, असं आपण धरून चालतो. पण माहिती असूनही केलं जात नसेल, तर हॉटेलात आणखी एक कार्यशाळा घेऊन काय होणार? आमच्या डॉक्टरांना बीपी कसं मोजायचं हे माझ्यापेक्षा शंभर पटीनं जास्त माहीत आहे.

चौथा मार्ग खर्चिक आहे, पण सगळ्यात प्रामाणिक: तयार केलेला पेशंट. एखाद्या माणसाला एका आजाराची भूमिका शिकवायची, त्यानं साध्या पेशंटसारखं नंबर लावून आत जायचं आणि बाहेर आल्यावर काय विचारलं, काय तपासलं, काय दिलं ते लगेच नोंदवायचं. डॉक्टरांची संमती आधीच घेतलेली असते, फक्त कोण आणि कधी येणार हे त्यांना सांगत नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्य प्रदेशातल्या खेड्यांमधली अशी भेट सरासरी चार मिनिटांपेक्षाही कमी चालली आणि विचारायला, तपासायला हव्या त्या गोष्टींपैकी जेमतेम एक तृतीयांश झाल्या. त्यात बरेचसे डिग्री नसलेले होते, हे लक्षात ठेवायचं. पण २०१८ चा मुंबई-पाटण्याचा अभ्यास वाचा. क्षयरोगाच्या भूमिका घेऊन खासगी डॉक्टरांकडे साधारण २,६०० भेटी झाल्या. योग्य पद्धतीनं हाताळलेल्या भेटी सुमारे ३५ टक्के.

याच मालिकेतला मला सगळ्यात आवडणारा निष्कर्ष २०१६ चा आहे. तो पुन्हा मध्य प्रदेशातला. तोच डॉक्टर, सकाळी सरकारी केंद्रात आणि नंतर स्वतःच्या दवाखान्यात. दोन्हीकडे तयार केलेले पेशंट पाठवले. खासगीत त्यानं जास्त वेळ दिला, जास्त प्रश्न विचारले, योग्य उपचाराचं प्रमाणही जास्त निघालं. डिग्री तीच, डोकं तेच, फक्त जागा बदलली. तेव्हा 'डॉक्टर चांगला की वाईट' या प्रश्नापेक्षा 'कुठल्या परिस्थितीत तो चांगलं काम करतो' हा प्रश्न संशोधनाला जास्त उपयोगी.

आता सुधारणेकडे येते, आणि माझ्या फजितीकडेही.

सुधारणेचा सगळ्यात साधा उपाय म्हणजे मोजायचं आणि मोजलेलं त्याच माणसाला परत दाखवायचं. 'ऑडिट आणि फीडबॅक'. तुमच्या नोंदींत शून्यांचं प्रमाण इतकं, शेजारच्या दहा दवाखान्यांत इतकं. बस. कॉक्रेनच्या २०१२ च्या आढाव्यात अशा १४० चाचण्या होत्या. योग्य कामाच्या प्रमाणात झालेली मधली वाढ निघाली ४.३ टक्के गुण. म्हणजे १०० पैकी ५० वेळा होणारी गोष्ट ५४ वेळा व्हायला लागली. कमी वाटतं? मलाही वाटलं. पण चाचण्यांमधला फरक बघा: चौथाई चाचण्यांत वाढ अर्ध्या टक्क्याच्या आत, तर वरच्या चौथाईत १६ टक्क्यांच्या वर. आढाव्यात असंही दिसलं की सुरुवात कमी पातळीवरून असेल, माहिती वरिष्ठ किंवा सहकाऱ्याकडून येत असेल, एकापेक्षा जास्त वेळा मिळत असेल आणि सोबत नेमकं उद्दिष्ट असेल, तेव्हा फरक जास्त पडतो.

मी ठरवलं, हेच करायचं. १० दवाखाने घेईन, ज्यांचं बीपी १६० च्या वर आहे असे प्रत्येकी १०० पेशंट घेईन, डॉक्टरांना फीडबॅक देईन आणि तीन महिन्यांनी परत मोजेन. एकूण १,००० पेशंट, सॅम्पल साइज दणदणीत. सल्लागार समितीसमोर ऐटीत उभी राहिले. एका सरांनी विचारलं, "तुम्ही काहीच केलं नाही, फीडबॅक दिलाच नाही, तरी तीन महिन्यांनी या पेशंटांचं सरासरी बीपी किती येईल?" मी म्हटलं, तेवढंच. सर म्हणाले, "नाही. कमी येईल."

बरोबर होतं त्यांचं. बीपी रोज वर-खाली होतं. आज १६० च्या वर सापडलेल्या माणसांत काही कायमचे उच्च असतात आणि काही त्या दिवसापुरते: रात्री झोप नाही झाली, जिना चढून आला, बायकोशी भांडला. हे दुसऱ्या प्रकारचे पुढच्या वेळी आपोआप खाली येतात. शाळेत पहिल्या चाचणीत सगळ्यात कमी मार्क पडलेली दहा मुलं निवडा, त्यांना काहीही शिकवू नका, दुसऱ्या चाचणीत त्यांची सरासरी बहुधा वाढलेलीच असेल. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. माझी सगळी 'सुधारणा' यातूनच आली असती आणि मी ती फीडबॅकच्या नावावर जमा केली असती. म्हणून तुलनेचा गट लागतो. किंवा दवाखाने चिठ्ठ्या टाकून एकामागून एक सुरू करायचे, म्हणजे जे अजून सुरू झाले नाहीत ते आपोआप तुलनेला मिळतात. छोट्या प्रकल्पाला हा दुसरा प्रकार परवडतो, आणि कुठल्याच डॉक्टरला 'तुम्हाला काही नाही' असं सांगावं लागत नाही.

दुसरा दणका १,००० वर बसला. एकाच डॉक्टरचे १०० पेशंट एकमेकांसारखे असतात, कारण त्यांच्यावर हात एकाचाच. समजा हे सारखेपण ०.०५ इतकंच आहे. मग १ + (१०० − १) × ०.०५ म्हणजे ५.९५. माझ्या १,००० पेशंटांची खरी किंमत १,००० भागिले ५.९५, म्हणजे फक्त १६८. तेव्हा पेशंट कमी घ्या, दवाखाने जास्त घ्या. प्रवास वाढतो, एसटीचे पासही वाढतात, पण इलाज नाही.

तिसरी गोष्ट समितीनं विचारली नाही, ती मला आमच्या तालुक्यानं शिकवली. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. समजा एका दवाखान्यात बीपीचे ८० पेशंट आहेत. जानेवारीत त्यातले ५० आले, ४० जणांचं बीपी आटोक्यात. मग 'नियंत्रण' किती? ४० भागिले ५०, म्हणजे ८० टक्के? की ४० भागिले ८०, म्हणजे ५० टक्के? पहिलं उत्तर डॉक्टरांना आवडतं. पण फडावर असलेले ३० जण, ज्यांच्या गोळ्या बहुधा संपल्यात, ते त्या उत्तरातून गायब झालेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात (महाराष्ट्रात तो आधी सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा या जिल्ह्यांत आला) नियंत्रण मोजताना आधी नोंद झालेले सगळे पेशंट छेदात धरतात आणि न आलेल्यांचा आकडा वेगळा दाखवतात. हा छेद नीट ठरवला की डॉक्टरांच्या डोक्यातही वेगळे प्रश्न येतात. जाताना तीन महिन्यांच्या गोळ्या बांधून देता येतील का? मुकादमाच्या फोनवर निरोप देता येईल का?

मोजमापाला पैसे जोडले तर काय होतं, हे बघायचं असेल तर इंग्लंडकडे बघावं लागतं. तिथं २००४ पासून फॅमिली डॉक्टरांना ठरावीक निर्देशांक गाठल्यावर जादा पैसे मिळू लागले. बीपीसाठी रेषा होती १५०/९०. नंतर नोंदी तपासल्या तर शून्यांची ओढ वर्षागणिक कमी झालेली दिसली, पण त्याच वेळी १५० च्या अगदी खाली आकड्यांची गर्दी वाढली. म्हणजे शेवटचा अंक आता यंत्रापेक्षा बक्षिसाकडे बघून पडत होता, निदान काही ठिकाणी. २००९ च्या एका मूल्यमापनात असंही दिसलं की दमा आणि मधुमेहाच्या सेवेतल्या सुधारणेचा वेग आधी वाढला आणि मग उद्दिष्ट गाठल्यावर मंदावला, आणि नेहमीचाच डॉक्टर भेटण्याचं प्रमाण घटलं. आपल्या योजनांमध्ये 'कामगिरीवर आधारित मानधन' हे शब्द दिसले की मला ही १५० खालची गर्दी आठवते.

आमच्या जिल्ह्यात मोजलेलं काम करणाऱ्याच्याच हातात ठेवण्याचं एक जुनं उदाहरण आहे, जामखेडचं. फॅमिली डॉक्टरचा दवाखाना नव्हे, पण त्याच पहिल्या पायरीची सेवा. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. आधी शिकलेल्या नर्स गावात ठेवून बघितल्या, ते जमलं नाही. मग गावानंच निवडलेल्या बाया घेतल्या, त्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. त्यांनी दर आठवड्याला जामखेडला यायचं, गावात काय घडलं ते सांगायचं, नवीन शिकायचं आणि परत जायचं. कोणतं बाळ जन्मलं, कोणतं गेलं, का गेलं, ही मोजणी करणारी आणि त्यावर काम करणारी बाई एकच होती. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण पुरस्कार हा पुरावा नसतो, आणि इथं विद्यार्थ्यांनी थांबून बघण्यासारखं आहे. जामखेडविषयी सहसा 'आधी बालमृत्यू इतके, नंतर इतके' अशी आकडेवारी सांगितली जाते. या ४० वर्षांत महाराष्ट्रभर बालमृत्यू कमी झाले: लसी आल्या, रस्ते झाले, मुली शिकल्या. मग जामखेडचं श्रेय किती? २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये याचं मूल्यमापन आलं. संशोधकांनी प्रकल्पातल्या आणि प्रकल्पाबाहेरच्या गावांतल्या आयांकडून त्यांच्या सगळ्या बाळंतपणांचा इतिहास घेतला आणि दोन्हींची तुलना केली. पहिला महिना ओलांडलेल्या बाळांचा पाच वर्षांच्या आत मृत्यू होण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. आधी-नंतरच्या आकड्यांपेक्षा हा ३० लहान दिसतो, पण मला तो जास्त भरवशाचा वाटतो. आणि पहिल्या महिन्याचा 'नाही' त्यांनी लपवला नाही, म्हणून बाकीचा 'होय' मी मानते.

बाबांच्या वहीचं काय झालं, ते राहिलं. सहा महिने मी डॉक्टरांकडे गेलेच नाही, राग होता. मग एकदा बाबांबरोबर गेले आणि त्यांची परवानगी घेऊन वही टेबलावर ठेवली. काही बोलले नाही, फक्त शेवटच्या अंकांवर पेनानं गोल केले होते. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "अगं, बाजाराच्या दिवशी नव्वद पेशंट असतात. आवाज साधारण कुठं आला ते कानाला कळतं, हात शून्य लिहून मोकळा होतो." मग जरा वेळानं, "तुझ्या बाबांचं मी आणखी बघायला हवं होतं." मी यावर काहीच बोलले नाही. मला जे म्हणायचं होतं ते पुराव्यात बसत नव्हतं, आणि त्यांना जे वाटत होतं ते नाकारण्याइतकाही पुरावा माझ्याकडे नव्हता.

पुढच्या वेळी गेलो तर बाहेरच्या खोलीत हातवाली, पाठीची खुर्ची होती. बीपीच्या पेशंटना कंपाऊंडर आधी तिथं बसवतो, डिजिटल यंत्रानं दोनदा मोजतो, दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहितो आणि मग आत सोडतो. बाजाराच्या दिवशी ते कोलमडतं, हेही मी बघितलं. खुर्चीवर कोणाची तरी पिशवी ठेवलेली असते. आता बाजाराच्या दिवशी फक्त औषध न्यायला येणाऱ्यांची वेगळी रांग लावून बघायचं म्हणतात. एक छोटा बदल, त्यावर नजर, मग पुढचा बदल. पुस्तकात याला पीडीएसए चक्र म्हणतात, आमच्या डॉक्टरांना ते नाव माहीत नाही.

हे माझ्या थिसिसमध्ये नाही आणि येणारही नाही. हा आमचा घरचा डॉक्टर आहे, मी तटस्थ नाही, आणि एथिक्स कमिटीची परवानगी त्यासाठी घेतलेली नाही. तुम्हीही ओळखीच्या दवाखान्यातून 'जरा डेटा काढून बघू' असं करू नका. पेशंटच्या नोंदींना हात लावण्याआधी परवानगी हवी, मग ते डॉक्टर सख्खे मामा का असेनात. सराव करायचा असेल तर स्वतःच्या घरातली फाइल काढा, आजी-आजोबांची, त्यांना विचारून. शेवटचे अंक मोजा, डिजिटल यंत्र होतं की पाऱ्याचं ते बघून अपेक्षित टक्केवारी काढा आणि मला कळवा. पुढच्या लेखात त्यावर काय-स्क्वेअर कशी लावायची, आणि एकाच माणसाच्या नोंदींवर ती का लावू नये, ते करू.

बाबांची परवाची नोंद १४६/८८ आहे. डॉक्टरांनी गोळी बदलली, पंधरा दिवसांनी बोलावलंय. ती नोंद बाबांनी डाव्या हातानं लिहिलीय.